घरी माणूस गेला तर: पहिल्या बारा तासांत शरीरात काय घडतं आणि कामं कोणत्या क्रमानं करायची

आमच्या पेठेत कुणी गेलं की रात्री-अपरात्री ज्यांच्या दारावर थाप पडते, त्यांत मी एक. तिरडी बांधणं, दाखल्यासाठी धावणं, स्मशानात वेळ ठरवणं ही कामं करता करता वीसेक वर्षं झाली. इतक्या घरांत एकच गोष्ट पाहत आलो. आधी नातेवाइकांना फोन, मग आणखी फोन, मग कोण कुठवर पोचलं याची चर्चा, आणि डॉक्टरांची आठवण तीन तासांनी. तोवर जबडा उघडाच ताठलेला असतो, डोळे सुकलेले असतात आणि अंगठी काढायला साबण लावून झटापट चाललेली असते.

हृदय थांबलं म्हणजे शरीरातलं सगळं जागच्या जागी थांबलं, असा आपला समज असतो. तसं होत नाही. स्नायू, रक्त, आतड्यातले जंतू यांचं प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक त्या क्षणापासून सुरू होतं. मुलगा विमानात आहे म्हणून ते थांबत नाही. म्हणून कामांचा क्रम त्या वेळापत्रकावरून लावायचा.

## आधी हे तपासा: हा लेख तुमच्या प्रसंगासाठी आहे का?

खाली जे लिहिलं आहे ते अपेक्षित मृत्यूबद्दल आहे. म्हणजे बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, शेवटच्या अवस्थेतला कर्करोग, डॉक्टरांनी ‘आता घरीच ठेवा’ म्हणून सांगितलेलं माणूस.

चांगलं चालतं-बोलतं माणूस अचानक कोसळलं तर हा लेख बाजूला ठेवा. हृदय थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. हाक मारून, खांदा हलवूनही ओ नाही आणि नीट श्वास नाही, तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. कांदा हुंगवणं, तळपाय चोळणं, तोंडावर पाणी मारणं यात मोलाची मिनिटं जातात.

सावधान: हृदय थांबल्यावरही काही मिनिटं आचके येऊ शकतात. तोंड उघडतं, घरघर होते, मग बराच वेळ काहीच नाही. ‘श्वास चालू आहे’ म्हणून लोक थांबतात. हा श्वास नव्हे. छाती दाबणं थांबवू नका.

## तयारी: माणूस आजारी असतानाच

हे करताना हात जड होतात, ठाऊक आहे. पण ज्या घरांत हे झालेलं असतं तिथे त्या रात्री आरडाओरडा कमी असतो.

डॉक्टरांना सरळ विचारा: ‘रात्री दोन वाजता गेले, तर घरी येऊन दाखला कोण देईल?’ घरच्या मृत्यूत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी दाखला द्यायचा असतो. वर्षभर पेशंटला न पाहिलेले डॉक्टर सही करायला कचरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यामुळे कुणातरी एका डॉक्टरांनी अधूनमधून घरी येऊन पाहिलेलं असू द्या.

एका पिशवीत एवढं ठेवा: ताजी फाइल, औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर. पिशवी कुठे आहे ते घरातल्या किमान दोघांना माहीत हवं. नेत्रदान, त्वचादान, देहदान यांपैकी काय करायचं ते आजारी माणसाला आधीच विचारून ठेवा. विचारलं तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसणारी मुलं पाहिली आहेत, आणि आपणहून विषय काढून मुलांना गप्प करणाऱ्या आज्याही.

## टप्पा १: पहिली पंधरा मिनिटं

सुरुवातीला शरीरातला प्रत्येक स्नायू सैल पडतो. जबडा खाली येतो, पापण्या अर्धवट उघड्या राहतात, लघवी-शौच होऊ शकतं. घाबरू नका. आवळून धरणारे स्नायूच सुटलेले असतात.

1. घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा. पुढे डॉक्टर, नेत्रपेढी आणि महापालिका तिघंही ती विचारणार आहेत.
2. पहिला फोन डॉक्टरांना.
3. नेत्रदान करायचं असेल तर दुसरा फोन नेत्रपेढीला, त्वचादानासाठी त्वचापेढीला. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर नसेल तर १९१९ ही नेत्रदानाची हेल्पलाइन आहे.
4. पंखा बंद करा. एसी असेल तर चालू ठेवा.
5. डोक्याखाली दोन उशा द्या.

नातेवाइकांचा फोन यानंतर. कुणी रागावलं तर रागावू दे.

उशांचं कारण नीट समजून घ्या, कारण ‘आता कशाला उशी’ म्हणून कुणीतरी ती काढून घेतंच. हृदयाचा पंप थांबला की रक्त गुरुत्वाकर्षणानं खाली उतरतं. माणूस उताणा असेल तर पाठ, कंबर, मांड्यांची मागची बाजू इथे ते साठतं आणि कातडीवर जांभळट डाग दिसायला लागतात. तास-दोन तासांत डाग लक्षात येतात आणि साधारण सहा ते बारा तासांत पक्के होतात. डोकं सपाट किंवा खाली राहिलं तर चेहरा काळानिळा पडतो आणि अंत्यदर्शनाला आलेली माणसं कुजबुजतात.

या डागांवरून मी एका घरात मोठं भांडण पाहिलं आहे. आजोबांना अंघोळ घालायला वळवलं, तर पाठीवर जांभळे पट्टे. सांभाळायला ठेवलेल्या बाईंनी मारलं, असं थोरल्या सुनेनं सगळ्यांसमोर म्हटलं. त्या बाई बिचाऱ्या थरथर कापत होत्या. अंथरुणाला टेकलेला भाग, म्हणजे खांद्याचं हाड आणि ढुंगण, पांढुरका राहिला होता आणि मधलाच भाग जांभळा होता. रक्त खाली उतरून साठलं की असंच दिसतं, कारण दाबलेल्या जागी ते शिरू शकत नाही. डॉक्टरांनी येऊन समजावलं तेव्हा कुठे घर शांत झालं. तरीही जखम, ओरखडा, सूज असं काही वेगळं दिसलं तर झाकू नका. डॉक्टरांना दाखवा.

तपासा: अंग गरम आहे की गार, यावरून काहीही ठरवू नका. आपल्या हवेत शरीर तासाला साधारण अर्धा अंश या वेगानं निवतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४४ अंश असतील तर ते निवतच नाही. उलट जाण्याआधीच हातपाय गार पडलेले असतात. मृत्यू झाला हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. ते नाडी, छातीचे ठोके, श्वास आणि बाहुल्यांवर उजेड टाकून पाहतात, लागलं तर ईसीजी काढतात.

## टप्पा २: पहिले दोन तास, अंग ताठण्याआधी

स्नायूला आकसायला जशी ऊर्जा लागते, तशी सैल व्हायलाही लागते. रक्तपुरवठा तुटल्यावर ती ऊर्जा संपते आणि स्नायूंचे धागे एकमेकांत अडकून बसतात. लोक म्हणतात ‘लाकूड झालं’, ते हे. सुरुवात पापण्यांपासून, मग जबडा, मान, हात आणि शेवटी पाय. आपल्याकडे दोन-तीन तासांत हे जाणवायला लागतं आणि बारा तासांच्या आसपास सर्वांग ताठ होतं. उन्हाळ्यात सगळंच लवकर.

म्हणून खालची कामं वरून खाली, याच क्रमानं:

1. डोळे. पापण्या बोटांनी अलगद मिटा, मिनिटभर धरून ठेवा. त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा.
2. कवळी. काढून ठेवली असेल तर आत्ताच बसवा. जबडा ताठल्यावर तोंड उघडणार नाही आणि गाल बसलेले दिसतील.
3. जबडा. हनुवटीखालून डोक्यावर मऊ पट्टी बांधा. ओठ मिटतील इतपतच आवळा. सुतळी नको, वळ उठतो.
4. दागिने. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, नथ काढायची ती आत्ता. काय काढलं, कुणाकडे दिलं, ते दोघांसमोर लिहा. या एका चिठ्ठीनं पुढची भांडणं वाचतात.
5. हातपाय. हात सरळ किंवा छातीवर, गुडघे सरळ. पायांचे अंगठे जोडून बांधायची रीत आहे ती याच वेळी करा, म्हणजे पाय फाकत नाहीत.
6. स्वच्छता. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा, डायपर बदला. वेदनाशामक औषधाची पट्टी अंगावर असेल तर डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका, आल्यावर त्यांना दाखवा.

सावधान: कुशीवर वळवताना छातीतली हवा बाहेर पडते आणि उसासा किंवा कण्हल्यासारखा आवाज येतो. एकदा चार तरणीताठी पोरं या आवाजानं आजींना सोडून दाराबाहेर पळाली होती. आवाज येणार हे आधीच सांगून ठेवा.

हमखास होणारी चूक: उशीर झाला आणि गुडघा वाकडाच ताठला, म्हणून दोघांनी मिळून दाबणं. हाड मोडू शकतं. सांध्याभोवती हळूहळू चोळत, थोडं थोडं सरळ करा. नाही झालं तर तसंच राहू द्या, तिरडीवर कापड टाकल्यावर दिसत नाही.

## टप्पा ३: डॉक्टर आल्यावर

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: शेवटच्या काही दिवसांत काय झालं, पेसमेकर आहे का, आणि मधल्या काळात पडणं-भाजणं-अपघात झाला होता का.

पडण्याबद्दल. बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला, अंथरुणाला खिळले आणि दीड महिन्यानं गेले, हा नैसर्गिक मृत्यू आहे असं सगळे धरून चालतात. डॉक्टर तसं धरतीलच असं नाही, कारण मूळ दुखापतीत आहे. अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या, संशयास्पद किंवा कारण न कळलेला मृत्यू आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत गेलेली स्त्री, अशा प्रसंगी ११२ वर पोलिसांना कळवावंच लागतं. शवविच्छेदन टाळायला लपवालपवी केली तर पुढे विम्यापासून फौजदारीपर्यंत सगळं अंगावर येतं.

पेसमेकरबद्दल. डाव्या, क्वचित उजव्या, कॉलरबोनखाली कातडीआड काडेपेटीएवढा उंचवटा लागतो. त्यातल्या बॅटरीचा दाहिनीत स्फोट होतो. लाकडावरही होतो, विद्युत आणि गॅसदाहिनीत तर भट्टीचंच नुकसान होतं. छोटा छेद देऊन तो काढता येतो, पण डॉक्टरांनीच. आयसीडी, म्हणजे आतून विजेचा धक्का देणारं यंत्र असेल, तर ते आधी बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच धक्का बसतो. दफन करणाऱ्यांना ही अडचण नाही.

आता दाखला. घरच्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४अ भरतात, दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४. कायद्यानं या दाखल्याला फी नाही. घरी येण्याची व्हिजिट फी वेगळी. हातात पडला की तिथेच वाचा. नाव आधारप्रमाणे, वय, तारीख, वेळ आणि कारण.

कारणाच्या रकान्यात नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिलं असेल तर नम्रपणे पुन्हा विचारा. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. ते मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. कारण म्हणजे मूत्रपिंड निकामी होणं, फुप्फुसाचा कर्करोग, पक्षाघात आणि त्यातून झालेला न्यूमोनिया. विमा कंपनीचा माणूस सहा महिन्यांनी याच ओळीवर बोट ठेवतो.

## टप्पा ४: सहा तासांच्या आतली दानं

घरी, हृदय थांबून मृत्यू झाला असेल तर मूत्रपिंड, यकृत, हृदय देता येत नाही. रक्त थांबल्यावर ते अवयव लवकर खराब होतात. आपल्याकडे ते दान मुख्यतः मेंदूमृत रुग्णाचं, अतिदक्षता विभागातूनच होतं. ‘आईची किडनी द्यायची होती’ म्हणून हळहळत बसू नका.

डोळ्यांचं तसं नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्याच नसतात. तो ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून घेतो, म्हणून हृदय थांबल्यावरही काही तास तगतो. मात्र सहा तासांच्या आत काढायला हवा आणि तोवर सुकायला नको. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, ओला कापूस आणि उंच डोकं हे सगळं त्यासाठीही असतं. कपाळावर कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवता येतो.

माझ्या सख्ख्या आत्याच्या वेळी आम्हीच चुकलो. उन्हाळा, घर भरलेलं, पाहुण्यांना उकडतं म्हणून पंखा फुल. डोळे अर्धे उघडे. नेत्रपेढीला फोन केला तेव्हा साडेचार तास झाले होते. ते आले, त्यांनी डोळे घेतले, पण रोपणासाठी उपयोगी पडले नाहीत असं नंतर कळलं. आत्यानं दहा वर्षं आधी अर्ज भरून फ्रिजवर चिकटवला होता.

एरवी अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाची संमती चालते. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, ऐंशीचं वय यांतलं काही आड येत नाही. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, रक्ताचा नमुना घेतात. चेहरा विद्रूप होत नाही.

त्वचादानही सहा तासांत. मांड्या, पाय, पाठ इथला वरचा पातळ थरच घेतात. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. तुमच्या गावापर्यंत कोण येतं ते आधीच विचारून ठेवा.

देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे. तिथे डॉक्टरांचा दाखला लागतो, शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत, आणि नेण्याची गाडी बहुतेक वेळा आपणच करायची असते. नेत्रदान आधी करून मग देहदान करता येतं.

क्रम चुकवू नका: नेत्रदान, त्वचादान आधी. अंघोळ, हळद-कुंकू, फुलं त्यानंतर.

## टप्पा ५: वाट पाहायची असेल तर

संध्याकाळी गेलेल्या माणसाला बऱ्याच घरांत रात्री नेत नाहीत, किंवा कुणीतरी परदेशातून यायचं असतं. सगळी गडबड इथे होते.

आतड्यांतले जंतू माणसाबरोबर मरत नाहीत. त्यांना अडवणारं कुणी उरत नाही, एवढंच. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट छटा दिसते, कारण मोठं आतडं तिथे कातडीच्या अगदी जवळ असतं. मग वायू धरून पोट फुगतं. थंडीत याच गोष्टीला एक-दोन दिवस लागतात. म्हणून थंडावा पहिल्यांदा पोटाला द्यायचा. घरोघरी बर्फाच्या लाद्या डोक्याशी आणि पायाशी रचलेल्या दिसतात आणि पोट मोकळं!

- तीन-चार तासांहून जास्त थांबायचं असेल तर शवपेटी, म्हणजे शीतपेटी, लगेच मागवा. वास आल्यावर नव्हे.
- पेटीचं झाकण प्रत्येक पाहुण्यासाठी उघडू नका. काचेतून दर्शन होतं.
- पेटी मिळाली नाही तर बर्फ जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून पोटावर, दोन्ही कुशींना, छातीवर. खाली प्लास्टिक अंथरा, पाणी बादलीत काढा.
- नाकात कापूस घाला. गंगाजल आणि तुळशीपत्र ओठांवर ठेवा. घोटभर पाणी तोंडात ओतलं तर ते परत बाहेर येतं. जिवंत, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशात तर चमचाभरही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. ओठ ओले करा.
- डोक्याशी दिवा ठेवलात तर ऑक्सिजनचा सिलिंडर आधी खोलीबाहेर.

दोन-तीन दिवस थांबायचं असेल तर घरी हट्ट धरू नका, रुग्णालयाच्या शवागारात ठेवा. विमानानं न्यायचं असेल तर रासायनिक लेपन करून घ्यावं लागतं आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं.

## टप्पा ६: अंघोळ आणि निघणं

कोमट किंवा साध्या पाण्याची अंघोळ, निघण्याच्या थोडं आधी. कडकडीत पाणी नको, कातडी सुटते. दाखला, मृताचं आणि अर्ज देणाऱ्याचं आधार बरोबर घ्या. शहरांत स्मशानासाठी पास काढावा लागू शकतो. तो कुठे मिळतो आणि रात्री मिळतो का, हे एकानं पुढे जाऊन पाहायचं. बाकीच्यांनी निघण्याआधी स्मशानात फोन करून वेळ पक्की करा. गावाकडे नेत असाल तर दाखल्याची प्रत गाडीतच हवी.

## टप्पा ७: एकवीस दिवसांच्या आत नोंद

डॉक्टरांचा दाखला म्हणजे मृत्यू प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते, आणि घरच्या मृत्यूची खबर घरच्यांनीच द्यायची असते. मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. पुण्यात गेले आणि साताऱ्याकडच्या गावी अग्नी दिला, तर नोंद पुण्यात. दहाव्यापर्यंत गावच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालणारे दरवर्षी भेटतात.

अर्ज देण्याआधी नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकाशी जुळवा. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, एका कागदावर सासरचं, हे आपल्याकडे नेहमीचं. काय लिहायचं ते अर्ज देण्याआधी घरात ठरवा. प्रती आठ-दहा तरी घ्या. बँक, विमा, पेन्शन, सातबारा, गॅस, सोसायटी, प्रत्येकाला एक लागते.